टीचिंग फिलॉसफी लिहिण्याआधी जुन्या प्रश्नपत्रिका काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठात तीन वर्षं शिकवून झाली, आता सेवेत कायम होण्याच्या अर्जासोबत 'टीचिंग फिलॉसफी' म्हणून दीड-दोन पानं जोडायची आहेत. लिहायला बसलं की 'विद्यार्थीकेंद्री', 'जिज्ञासा जागवणे', 'चिकित्सक विचार' असे शब्द उतरतात आणि ते आपले वाटत नाहीत. मग स्वतःची अशी अध्यापनदृष्टी घडवायची तरी कशी?

मी २४ वर्षं संख्याशास्त्र शिकवतेय, आणि निवडीच्या नि बढतीच्या समित्यांवर बसून अशी पानं पुष्कळ वाचली आहेत. ते शब्द तुम्हाला आपले वाटत नाहीत हे चांगलं लक्षण आहे. बऱ्याच जणांना ते आपलेच वाटतात आणि त्यांचा शोध तिथेच संपतो.

माझं पहिलं निवेदन, म्हणजे हेच टीचिंग फिलॉसफीचं पान, मी नोकरीच्या चौथ्या वर्षी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'विद्यार्थ्यांनी सूत्रं पाठ करण्यापेक्षा विचार करायला शिकावं, यावर माझा भर असतो.' थाप मारायचा हेतू नव्हता, मला ते खरंच वाटत होतं. त्याच आठवड्यात मी सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलाने संभाव्यतेचं गणित सोडवलं होतं. सूत्र बरोबर, मांडणी नेटकी, मधे एका पायरीवर भागाकार चुकलेला आणि शेवटी उत्तर १.४. त्याच्याखाली पट्टीने ओढलेल्या दोन रेघा. विषय परका असेल तर सांगते, संभाव्यता कायम शून्य ते एकच्या दरम्यान असते. १.४ म्हणजे शंभर वेळा नाणं उडवलं तर एकशे चाळीस वेळा छापा पडेल असं म्हणण्यासारखं झालं. मी त्याला पाचपैकी चार दिले. भागाकाराची चूक, एक गुण वजा, पुढची उत्तरपत्रिका.

दोन दिवसांनी विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंना मी ते निवेदन वाचायला दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस. आता तुझी प्रश्नपत्रिका दाखव." मग आम्ही दोघींनी पेन घेऊन गुण मोजले. ७० पैकी ५१ गुण सूत्रात आकडे घालून उत्तर काढण्याला होते, १३ व्याख्यांना. राहिलेले ६ गुण 'निष्कर्षाचा अर्थ सांगा' अशा प्रश्नाला, आणि त्याचंही उत्तर मी वर्गात शब्दशः लिहून दिलेलं होतं. प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "तुझी फिलॉसफी ही आहे. तो दुसरा कागद म्हणजे तुझी इच्छा."

तेव्हा राग आला होता. आज कोणी मला हा प्रश्न विचारला की मी त्यांचंच वाक्य पुढे करते.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन अभ्यासकांनी १९७४ साली हीच गोष्ट व्यवसायांबद्दल एकूणच मांडली होती. माणूस आपली म्हणून जी तत्त्वं सांगतो ती एक, आणि त्याच्या वागण्यातून जी दिसतात ती दुसरी. गंमत अशी की या दोहोंतलं अंतर बहुतेकदा त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. म्हणून 'दृष्टी घडवायची कशी' हा प्रश्न मी थोडा फिरवून घेईन. तीन वर्षं शिकवलंत म्हणजे तुमची दृष्टी केव्हाच घडली आहे. पहिल्या तासाला काय सांगायचं, कुठला भाग वेळेअभावी गाळायचा, कोणाच्या हाताकडे बघून न बघितल्यासारखं करायचं, अर्ध्या गुणासाठी भांडायला आलेल्या मुलीला काय उत्तर द्यायचं, या प्रत्येक ठिकाणी तुम्ही निर्णय घेतला आहे. आधी ती दृष्टी बाहेर काढून उजेडात बघा. पटली तर लिहा. पटली नाही तर बदला, आणि बदलल्यावर लिहा.

बाहेर काढायची कशी, तर पहिलं साधन वर आलंच. गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका, असाइनमेंट, तोंडी परीक्षेचे प्रश्न समोर घ्या आणि प्रत्येक गुणासमोर लिहा की तो नेमका कशासाठी दिला गेला: आठवण्यासाठी, दिलेली रीत वापरण्यासाठी, की न पाहिलेल्या परिस्थितीत काय करायचं ते ठरवण्यासाठी. शिकण्याची उद्दिष्टं आठवण्यापासून मूल्यमापनापर्यंत सहा पायऱ्यांत मांडणारी ब्लूम आणि सहकाऱ्यांची १९५६ ची वर्गवारी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात पाहिलेली असते आणि तिथेच सोडून दिलेली असते. इथे ती खरंच उपयोगी पडते, पण तीन ढीग पुरेत, सहा पायऱ्यांचा हट्ट नको. इतिहास किंवा साहित्य शिकवत असाल तरी हे लागू आहे. 'चर्चा करा' असा प्रश्न विचारून वर्गात दिलेल्या टिपणातले मुद्दे मोजून गुण देत असाल, तर तो प्रश्न पाठांतराचाच आहे, दिसायला कितीही भारदस्त असो.

दुसरं साधन त्रासदायक आहे. एका तासाचं ध्वनिमुद्रण करा. मुलांना आधी सांगून फोन टेबलावर ठेवला की झालं. मग घरी ऐका आणि कोण किती वेळ बोललं ते मांडा. मी माझा ५० मिनिटांचा तास असा ऐकला तेव्हा 'समजलं का?' हे ११ वेळा विचारलेलं निघालं, आणि एकदाही मी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबले नव्हते. स्वतःच 'ठीक आहे, पुढे जाऊ' म्हणून टाकलं होतं. मेरी बड रो या संशोधिकेने शाळांच्या वर्गांत हे मोजून दाखवलं त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली: प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि ती वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. वर्गासमोर उभं राहून गप्प राहिलं की कळतं ते किती लांब असतात. मी अजूनही टेबलाखाली बोटांवर मोजते.

तिसरं, उत्तरपत्रिकांवर आणि प्रकल्पांवर तुम्ही लाल शाईने काय लिहिता ते वाचा. माझ्या बहुतेक शेऱ्यांत 'युनिट लिहा', 'पायरी दाखवा' एवढंच होतं. यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही, दहा प्रकल्प चाळलेत की तुमचं तुम्हालाच कळेल.

या सगळ्यातून जे निघेल त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण ते आलं कुठून हे विचारायला हवं. बहुतेक वेळा ते आपल्या शिक्षकांकडून आलेलं असतं. मला शिकवणारे सर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून तास संपताना उजव्या कोपऱ्यात सिद्धता पूर्ण करायचे. आम्ही थक्क व्हायचो. मी पंधरा वर्षं तसंच करायचा प्रयत्न केला. आता, संख्याशास्त्राची शिक्षक म्हणून मला फार आधी सुचायला हवं होतं ते असं, की या बाबतीत आपण स्वतः हा अत्यंत पक्षपाती नमुना आहोत. जुन्या पद्धतीने शिकून ज्यांचं भलं झालं तेच लोक पुढे प्राध्यापक होतात. त्या वर्गातल्या बाकीच्या साठ जणांना सरांच्या सिद्धतांचा काय उपयोग झाला, हे कोणी विचारायला गेलेलं नाही. 'मी असाच शिकलो' हे वाक्य म्हणूनच पुरावा म्हणून चालत नाही. तुम्ही लिहिताना प्रभावी शिक्षकाची आठवण सांगणार असाल तर जरूर सांगा, पण त्या शिक्षकाचं काय तुम्ही घेतलं नाही, हेही सांगा. ते मी जास्त लक्ष देऊन वाचते.

दृष्टी बदलते ती बहुधा एखाद्या बोचणाऱ्या प्रसंगाने. हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझुर यांची गोष्ट यासाठी मला आवडते. १९९० च्या सुमारास ते उत्तम शिक्षक समजले जात, विद्यार्थ्यांचे अभिप्राय छान असत, मुलं अवघड गणितंही सोडवत. मग त्यांनी न्यूटनच्या नियमांवरची, आकडेमोड नसलेली, अगदी साध्या भाषेतली एक चाचणी वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची, की मी एरवी या गोष्टींचा जसा विचार करते तशी? निकाल लागला तोही याच प्रश्नाला साजेसा होता: अवघड गणितं सोडवणाऱ्या मुलांची या साध्या प्रश्नांची उत्तरं चुकली. त्यातून त्यांची 'पीअर इन्स्ट्रक्शन' ही प्रसिद्ध पद्धत निघाली: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याला ते पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. इथे क्रम बघण्यासारखा आहे. आधी प्रसंग, मग अस्वस्थता, मग वर्गातला बदल, आणि तत्त्व सगळ्यात शेवटी.

तुमच्याकडेही असे प्रसंग असणारच, फक्त ते नोंदलेले नसतात. म्हणून प्रत्येक तासानंतर तीन ओळी लिहायची सवय लावा. कुठे वर्ग हातातून सुटला, कोणता प्रश्न अनपेक्षित आला, उद्या काय वेगळं करीन. जास्त लिहायला गेलात तर आठवड्याभरात बंद पडेल. माझ्या वह्यांमध्ये कित्येक पानांवर नुसतं 'आज कंटाळवाणं झालं' एवढंच आहे, आणि ते एकाच प्रकरणाच्या वेळी दरवर्षी आहे हे मला चौथ्या वर्षी दिसलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. निवेदनांमध्ये लोक आपल्या श्रद्धांची यादी देतात आणि त्या सगळ्या एकमेकींशी गुण्यागोविंदाने नांदतात. वर्गात तसं नसतं. तिथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात, आणि तुम्ही कोणती निवडता त्यात तुमची दृष्टी असते.

उशिरा येणाऱ्या असाइनमेंटचंच बघा. पहिली अनेक वर्षं माझा नियम कडक होता: मुदतीनंतर शून्य. कारण विचारलं तर मी 'शिस्त' म्हणायचे. खरं कारण हे होतं की सगळे गठ्ठे एकदम आले की तपासायला सोपं जातं. मग एका वर्षी एक अतिशय मेहनती मुलगी तीन असाइनमेंटना शून्य घेऊन बसली आणि तिने एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या घरी आजारपण होतं हे सत्र संपल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या वर्षी सांगितलं, अडचण असेल तर या, मुदत वाढवून देईन. झालं काय, की धीट मुलं आली, नेटकी कारणं घेऊन आली आणि त्यांना वेळ मिळाला. बुजरी मुलं आलीच नाहीत. शिवाय ज्यांना बाहेरून थोडा रेटा लागतो अशांची कामं शेवटच्या आठवड्यात साचली आणि त्यांचं अधिकच नुकसान झालं. म्हणजे माझ्या उदारपणाचा फायदा मागता येणाऱ्यांनाच झाला.

आता नियम असा आहे: प्रत्येकाला सत्रभरात एकूण पाच दिवसांचा उशीर मोफत. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही, कामाच्या वर 'दोन दिवस वापरले' एवढं लिहायचं. पाच संपल्यावर मुदत म्हणजे मुदत. खरंच मोठं संकट आलं तर विभागाची रीतसर वाट आहेच. या छोट्या नियमात माझ्या तीन गोष्टी आहेत: कोणाचं दुःख खरं आणि कोणाचं खोटं याचा न्यायनिवाडा करायची माझी पात्रता नाही, गुण हे धिटाईवर अवलंबून असू नयेत, आणि तरीही मुदत असण्याचा मुलांना उपयोग होतो. 'मी विद्यार्थ्यांप्रती सहानुभूतीशील आहे' या वाक्यात यातलं काहीही येत नाही. तुमच्याही हाताशी असा एखादा नियम असेल जो तुम्ही दोनदा तरी बदलला. तोच लिहा. दोनदा का बदलला ते लिहा.

वाचनाबद्दल विचारलं नाहीत, पण बहुतेक जण घाबरून आधी तिकडेच वळतात. थोडं वाचणं गरजेचं आहे, कारण आपल्याला जे धूसर जाणवत असतं त्याला नाव मिळतं. शिक्षण-संशोधक डॅनियल प्रॅट यांनी अध्यापनाकडे बघण्याच्या पाच दृष्टी सांगितल्या आहेत: आशय नीट पोचवणं, उमेदवारीसारखं प्रत्यक्ष कामात सोबत घेऊन शिकवणं, विद्यार्थ्याच्या विचाराची घडण बदलणं, त्याचा आत्मविश्वास जपत वाढवणं, आणि शिकवण्यातून समाज बदलणं. त्यांचं म्हणणं असं की यातली कोणतीही एक मुळात श्रेष्ठ नाही, आणि बहुतेकांमध्ये एक-दोन प्रबळ असतात. मला हे वाचून हायसं वाटलं होतं, कारण आशय नीट पोचवणं हेही एक सन्मान्य काम आहे हे आजकाल कोणी म्हणत नाही. जॉन बिग्ज यांचा १९९६ चा विचारही पाठीशी असू द्या: काय शिकावं असं आपण म्हणतो, वर्गात काय करवून घेतो आणि परीक्षेत काय तपासतो, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. त्या ज्येष्ठ बाईंनी हे कधी वाचलं होतं की नाही माहीत नाही, पण पेन घेऊन त्यांनी माझ्याकडून तेच करून घेतलं.

पावलो फ्रेरी आणि जॉन ड्युई या शिक्षणतत्त्वज्ञांची नावं मात्र जपून वापरा. फ्रेरींनी ज्याला 'बँकेत ठेव ठेवावी तसं' शिक्षण म्हटलं त्याचा निषेध पहिल्या परिच्छेदात असतो, आणि खाली जोडलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात पंधरा आठवडे फक्त व्याख्यानं. समितीवरचा माणूस दोन्ही पानं वाचतो. आणखी एक: 'मी दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा प्रत्येक प्रकारच्या विद्यार्थ्याला त्याच्या शैलीने शिकवते' हे वाक्य खोडून टाका. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. तरी दर चौथ्या निवेदनात ते वाक्य असतंच. (हा 'दर चौथा' माझा अंदाज आहे, मोजलेला नाही. संख्याशास्त्रवालीने असं बोलू नये, पण असो.)

यापुढचा प्रश्न पुराव्याचा. माझं शिकवणं चालतंय हे मला कशावरून कळतं, याला निवेदनात दोन-तीन ओळी तरी हव्यात. विद्यार्थ्यांचे अभिप्राय हे उत्तर अपुरं आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी सुमारे ३४ टक्के होतं, जिथे मुलं वर्गात काही करत होती तिथे सुमारे २२ टक्के. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात एक फार बोलका प्रयोग केला. स्वतः धडपडून शिकलेल्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण 'किती शिकलात' असं विचारल्यावर जास्त शिकल्याचं सांगितलं ते ओघवतं व्याख्यान ऐकलेल्यांनी. धडपड ही शिकण्यासारखी वाटत नाही, अडखळण्यासारखी वाटते. मला हे अनुभवाने माहीत होतं, कारण वर्गात गटाने गणितं सोडवायला लावायला सुरुवात केली त्या वर्षी माझे अभिप्राय खाली आले. 'मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात' असं एकाने लिहिलं होतं. त्याचं निरीक्षण अचूक होतं.

तेव्हा अभिप्राय वाचा, पण 'आवडलं का' याला आणि 'आलं का' याला वेगळे कागद ठेवा. दुसऱ्यासाठी सोपी युक्ती म्हणजे तासाच्या शेवटी अर्ध्या पानाची चिठ्ठी: आजची मुख्य गोष्ट काय, आणि काय अजून अंधुक आहे. नाव लिहायचं नाही. शंभर चिठ्ठ्या चाळायला पंधरा मिनिटं लागतात. पुढचा तास त्यातल्या अंधुक गोष्टीने सुरू केला की मुलं चिठ्ठ्या मनापासून लिहू लागतात. आणि एखाद्या सहकाऱ्याला तासाला येऊन बसायला सांगा. 'कसं वाटलं' असं त्याला विचारू नका, तो 'छान' म्हणेल. 'मागच्या दोन रांगांतली मुलं काय करत होती ते लिहून दे' असं सांगा.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम ठरलेला, प्रश्नपत्रिका बाहेरून येणार, वर्गात एकशे वीस मुलं, मग माझ्या दृष्टीला जागा कुठे? ही अडचण खरी आहे, आणि निवेदनात ती लपवायची गरज नाही. पण जे हातात नाही त्याबद्दल फिलॉसफी लिहिण्यात अर्थ नसतो. अंतर्गत मूल्यमापनाचे जे काही गुण असतील ते, तासाची पहिली दहा मिनिटं, उदाहरणं कोणती घ्यायची, चुकीच्या उत्तरावर काय बोलायचं, एवढं कोणालाही असतं. मी एकशे वीसच्या वर्गात एकच बदल टिकवू शकले: प्रत्येक तासाला एक चुकीचं सोडवलेलं गणित फळ्यावर लिहायचं आणि चूक शेजाऱ्याबरोबर शोधायची. सात मिनिटं. बाकी तास जुन्याच पद्धतीचा.

घरी करायच्या कामाबद्दल आता एक नवा पेच आहेच. एआयकडून निबंध किंवा गणित मिनिटात मिळतं. माझ्यापुरतं त्याने एक बरं केलं. 'हे काम मी मुलांना का देते?' हा प्रश्न मी कितीतरी वर्षं टाळत होते, तो आता टाळता येत नाही. माझी निम्मी असाइनमेंट फक्त गुण भरायला होती असं उत्तर आलं. ती बंद केली.

लिहिण्याबद्दल थोडं. प्रत्येक वाक्य लिहिल्यावर स्वतःला विचारा, कोणी शहाणा माणूस याच्या उलट म्हणेल का? 'मी विद्यार्थ्यांचा आदर करते' याच्या उलट कोणीच म्हणणार नाही, म्हणजे त्या वाक्यात तुम्ही नाही. 'पहिला महिनाभर मी कामांवर फक्त शेरे लिहिते, गुण देत नाही' याला विरोध करणारे भले सहकारी मिळतील, म्हणून ते लिहिण्याजोगं. त्याला आधार हवा असेल तर रूथ बटलर यांचं १९८८ चं काम आहे: नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, शेऱ्यासोबत गुणही दिले की तो फायदा दिसला नाही. ती शालेय मुलं होती, म्हणून विद्यापीठात ते जसंच्या तसं लागू आहे असा दावा करू नका, 'मी माझ्या वर्गात करून पाहिलं आणि असं झालं' असं लिहा. एक फसलेला प्रयोग जरूर घाला, पण नोकरीच्या मुलाखतीत लोक दोष म्हणून 'मी फार परिश्रम करतो' सांगतात तसला नको. विषयाचा वास लिखाणाला यायला हवा. तुमचं पान रसायनशास्त्राच्या माणसाच्या नावाने खपलं तर ते अजून तुमचं झालेलं नाही. थोरांची अवतरणं, उपमा म्हणून माळी, दिवा, शिल्पकार, हे सगळं वगळलं तर पाऊण पान सहज मोकळं होतं.

मुदत जवळ असेल तर क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात प्रश्नपत्रिका मोजा आणि एक तास ध्वनिमुद्रित करून ऐका. दुसऱ्या आठवड्यात तीन प्रसंग लिहून काढा, प्रत्येकी अर्धं पान, कोणतंही तत्त्व न सांगता. मग ते शेजारी ठेवून बघा, तिन्हींत तुम्ही कशासाठी हट्ट धरलात. तेवढ्यावर दीड पान होतं. मसुदा झाला की तो तुमच्या हाताखालून शिकून गेलेल्या, आता तुमच्याकडून काहीच नको असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला वाचायला द्या आणि विचारा, ही बाई तुला ओळखीची वाटते का?

माझं निवेदन आत्तापर्यंत पाच वेळा बदललं आहे. सध्याच्या मसुद्याची सुरुवात त्या १.४ पासून आहे, मी पाचपैकी चार दिले होते हेही त्यात आहे. आता तसं उत्तर आलं तर मी दोन देते. पण मुलाने खाली लिहिलं असेल की 'हे उत्तर शक्य नाही, संभाव्यता एकपेक्षा जास्त होऊ शकत नाही, चूक कुठे आहे ते सापडत नाही', तर चार. विभागातल्या एका सहकाऱ्याला हे मुळीच मान्य नाही. त्यांचं म्हणणं, रीत बरोबर असलेल्या मुलाला तुम्ही घाईची शिक्षा देता, उत्तराकडे वळून बघायला परीक्षेत वेळ असतोच कुठे? वाद मिटलेला नाही. मात्र त्यांचा वेळेचा मुद्दा खरा आहे हे पटल्यावर मी गेल्या वर्षीपासून अंतर्गत चाचणीत एक गणित कमी केलं आहे.